सूरला जाण्याआधी

मस्कतच्या रुवी भागातल्या नबील टेलरने पिशव्यांची अदलाबदल केली नसती, तर ही गोष्ट घडलीच नसती. अंतराने घरी येऊन पिशवी उघडली, तर आत दोन फॉर्मल पँट्स. तिचं रुपेरी बटणांचं जॅकेट भलत्याच माणसाकडे गेलं होतं.

ती तशीच दुकानात परतली. काउंटरपाशी एक तरुण ते जॅकेट हातात धरून उभा होता. आशुतोष, मूळचा पुण्याचा, आता शहराच्या दुसऱ्या टोकाला माबेल्यात राहणारा.

"तुमचं होय? मला वाटलं, सर्कशीतलं असेल."

"मारियाचीचं आहे," अंतरा म्हणाली आणि मग चहा पिताना तिला ते समजावून सांगावं लागलं. मेक्सिकोतलं हे गाणं-बजावणं, पिढ्यानपिढ्या पुरुषांचं. आता तिकडच्या बायका ते आपल्या ढंगात वाजवतात. त्यांचे व्हिडिओ बघून अंतरा व्हायोलिन, अफशीन गिटार आणि मधु ट्रम्पेट घेऊन मस्कतमध्ये जमू लागल्या होत्या. व्हायोलिनमध्ये मींड यायची, शब्द मराठी-हिंदी. जुन्या रीतीत मुलगा वाजवणाऱ्यांना घेऊन मुलीच्या खिडकीखाली येतो. तिने दिवा लावला की होकार.

"आणि तुमच्यात?"

"आमच्यात खाली आम्ही."

"मग वर कोण?"

अंतराने घाईने कप तोंडाला लावला. चहा फार गरम होता, असं तिने नंतर मधुला सांगितलं.

आशुतोष तालमींना येऊ लागला. खुर्च्या लावायचा, वायरी गुंडाळायचा, तिच्याकडे बघायचा… पण त्याचं 'तुम्ही' काही सुटेना. मग एके दिवशी म्हणाला, कंपनीने दूर किनाऱ्यावरच्या सूर शहरात बदली केलीय, शनिवारी निघतोय.

"मस्कतमध्ये सूर कमी पडले का?" तिने विचारलं.

"तुम्ही याल ना तिकडे? म्हणजे… कार्यक्रमाला."

"इन्शाल्ला," ती म्हणाली आणि स्वतःवरच चिडली. तिचं प्रेम होतं त्याच्यावर, आणि सांगायला जीभ रेटत नव्हती.

"तो गाना किसलिए सीखा?" अफशीनने विचारलं.

शुक्रवारी संध्याकाळी तिघी माबेल्यात त्याच्या इमारतीखाली उभ्या राहिल्या. एकच गाणं, असं म्हणून वॉचमनला पटवलं होतं. अंतराने शब्द स्वतः लिहिले होते: ऊन उतरलं, दिवा लाव, खाली उभी मी, विचार नाव.

पहिल्या मजल्यावर दिवा लागला. मग दुसऱ्या. कडेवर पोरं घेऊन बायका गॅलरीत आल्या. बघता बघता अख्खी इमारत उजळली. तिसऱ्या मजल्यावरची त्याची खिडकी तेवढी काळोखात राहिली. गाणं संपलं, टाळ्या पडल्या. अंतराचे डोळे भरून आले.

"खलास. चलो," म्हणत ती व्हायोलिन पेटीत ठेवू लागली.

तेवढ्यात मागे पार्किंगमध्ये दोन हेडलाइट लागले, थेट तिच्यावर. गाडीतून आशुतोष उतरला.

"पहिल्या ओळीपासून इथेच बसून ऐकतोय. धावत वर जाऊन दिवा लावणार होतो, पण लिफ्ट बंद आहे, जिना चढेपर्यंत गाणं संपलं असतं. हे हेडलाइटचं जरा उशिरा सुचलं." तो थांबला. "हा दिवा चालेल ना… तुला?"

'तुला' तिने नीट ऐकलं.

"चालेल," ती म्हणाली. "पण सूरला तुझी खिडकी कितव्या मजल्यावर आहे, ते आधी सांग."

वॉचमन खुर्ची घेऊन केव्हाच पुढे येऊन बसला होता. अंतराने पेटी पुन्हा उघडली.