हात काढा

ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये माणसं टिकेनात, तेव्हा निवृत्त झालेल्या ऑपरेटरांना परत बोलावायचं ठरलं. बाकीच्यांनी गुडघे, नातवंडं अशी कारणं पुढे केली. काका मात्र दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन हजर.

"घसा बसलाय की तुमचा," सुपरवायझर म्हणाली. तिला हे काम काकांनीच शिकवलं होतं.

"घरी बोलायला आहे कोण? भिंती?"

ती हसली. काका हसले नाहीत. ते पगारासाठी आले नव्हते. त्यांना एक माणूस शोधायचा होता.

बायको स्वयंपाकघरात कोसळली, तेव्हा त्यांनी इथेच फोन लावला होता. स्पीकर चालू ठेवून, मोठ्याने मोजत ते तिची छाती दाबत होते. ॲम्ब्युलन्स दारात येईपर्यंत थांबायचं नाही, हे त्यांनी आयुष्यभर लोकांना बजावलं होतं. आणि त्या दिवशी पलीकडचा घोगऱ्या आवाजाचा म्हातारा म्हणाला, "आता पुरे. हात काढा."

काकांनी काढले. गाडी लगेचच आली. थोडं आणखी दाबलं असतं तर वाचल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाला.

"त्या दिवशी माझा फोन घेतला तो म्हातारा कोण गं?" काकांनी विचारलं.

"इथे? तुम्ही गेल्यापासून सगळी पोरंच आहेत, काका. म्हातारे पहिले तुम्हीच."

तिने त्यांना खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. खुर्चीवर धूळ होती.

जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर त्या टेबलावरचा दिवा लागला. रूममधली बडबड बंद झाली. कुणी काकांकडे बघेना.

त्यांनी फोन घेतला. पलीकडे एक पुरुष धापा टाकत आकडे मोजत होता. मागे नळ ठिबकत होता. दोन थेंब, जरा दम, मग तिसरा. काकांच्या घरचा नळ असाच ठिबकायचा. दुरुस्त करायचा राहूनच गेला होता.

"गाडी कुठवर आली हो?"

आवाज ओळखायला त्यांना वेळ लागला. स्वतःचा आवाज कुणाला चटकन ओळखू येत नाही.

काकांनी टेबलाची कड घट्ट धरली. आता चूक होऊ द्यायची नव्हती.

"थांबू नका," ते म्हणाले. "मी मोजतो. तुम्ही दाबा."

ते मोजत राहिले. तो दाबत राहिला. काहीतरी कडकन मोडलं. बरगडी.

मग आकड्यांच्या खालून, त्या दिवशी स्वयंपाकघरात त्यांना ऐकूच न आलेलं काहीतरी हेडफोनमधून अगदी कानाशी आलं.

"अहो... पुरे. दुखतंय."

काका आणखी मोठ्याने मोजू लागले.

"अहो, सोडा ना मला."

काकांनी डोळे मिटले.

"आता पुरे," ते म्हणाले. "हात काढा."

मोजणं थांबलं. नळ तेवढा ठिबकत राहिला. मग फोन बंद झाला.

रूममध्ये पुन्हा बडबड सुरू झाली. डबे उघडले. सुपरवायझरने येऊन काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"छान सांभाळलंत. पोरांना नाही जमत. हा फोन एकदा घेतला की दुसऱ्या दिवशी येतच नाहीत."

काकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"फक्त उद्या त्याला इतका वेळ दाबू देऊ नका हं, काका," ती म्हणाली. "बाई फार विव्हळते."