दिवसाचा खोकला

वहिनींच्या ऑफिसात आलेली बाई बसचालक होती. गणवेश अंगावरच होता आणि ती खुर्चीत अशी ताठ बसली होती, की समोर टेबल नसून रस्ताच असावा.

“माणूस हरवलंय?” वहिनींनी विचारलं.

“हो. माझी पणजी.”

खिडकीशी पेपर वाचत बसलेल्या भाऊजींनी मान वर केली. वहिनी विमा कंपनीतली नोकरी सोडून खासगी तपास करू लागल्या आणि पाठोपाठ त्यांचे दीर दातांचा दवाखाना बंद करून त्यांच्यामागे हिंडू लागले, त्याला बरीच वर्षं झाली होती. पण पणजी हरवल्याची तक्रार पहिलीच.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“माझी आजी तान्ही होती तेव्हापासून. आता ती नव्वदीला टेकलीय.”

हकिगत साधी होती. पणजोबा कोळशाच्या खाणीत कामाला. एका सकाळी खाणीत स्फोट झाला आणि ते गेले. त्याच दिवशी त्यांची बायको तान्ही मुलगी शेजारणीच्या पदरात टाकून नाहीशी झाली. त्या शेजारणीला सगळे थोरली म्हणत. थोरलीने मुलीला आपली मानलं आणि नवऱ्यासोबत ती वस्ती सोडून दूरच्या गावात बिऱ्हाड केलं. काही महिन्यांनी पणजोबांचा मोठा भाऊ तिथे येऊन राहिला. त्या काकांनी आणि थोरलीने मिळून मुलीला वाढवलं.

“आता त्या खाणीचं संग्रहालय झालंय,” बसवाली म्हणाली. “खाणीच्या वर, जमिनीवर कोळसा निवडायच्या त्या बायकांची नावं भिंतीवर लावताहेत. पोर होण्याआधी पणजीही त्यांत होती. पणजीच्या नावासाठी विचारायला आले, तर आजी म्हणाली, पोर टाकून पळालेल्या बाईचं नाव नको. आणि तेव्हापासून अन्नावरची वासनाच उडाली तिची. पणजी कुठे गेली, एवढं तिला कळू द्या. मग भले शिव्या देऊ दे.”

आजी पलंगावर उशीला टेकून बसली होती. अंग थकलेलं, जीभ नव्हे.

“मला आईचा चेहरा ठाऊक नाही,” ती म्हणाली. “शिवी द्यायची तरी कुणाला?”

“आणि काका कसे होते?” वहिनींनी विचारलं.

“देवमाणूस. वेताच्या खुर्च्या विणायचे. खाणीत आपण कधी पाऊल टाकलं नाही म्हणायचे, पण खोकला पाचवीला पुजलेला. मी त्यांच्या मांडीवर बसायची आणि भुवईवरून बोट फिरवायची. तिथे निळी रेघ होती, गोंदल्यासारखी. आईचं नाव काढलं की मात्र उठून बाहेर जायचे.”

“रागाने?”

आजीने उशी सावरली. “आता विचारता तेव्हा वाटतं, राग नसावा.”

संग्रहालय खाणीच्या जुन्या दिवेघरात होतं. ते सांभाळणारे गृहस्थ खाणीतलेच निवृत्त वायरमन. खाणीत उतरताना प्रत्येक जण इथून दिवा आणि पितळी बिल्ला घ्यायचा, बिल्ल्यावरून माणूस ओळखायचा, असं सगळं त्यांनी हौसेने सांगितलं. सांगताना हात हलत होता आणि वहिनी त्या हाताकडे बघत होत्या.

“हे मनगटावर काय?”

“हा? खाणीचा शिक्का!” वायरमन हसले. “जखमेत कोळसा राहतो आणि वरून कातडी धरते. मग रेघ निळीच राहते, चितेपर्यंत. खाणीबाहेर असली रेघ मिळत नाही.”

मागच्या भिंतीवर एका तुकडीचा मोठा फोटो होता. मधोमध झुपकेदार मिशांचा मुकादम.

“हा आमचा हिरो. थोरलीचा नवरा. स्फोटातून वाचला आणि परत आत जाऊन आपल्या माणसांची प्रेतं बाहेर घेऊन आला. शेजारी उभा आहे तो बसवाल्या बाईंचा पणजोबा.”

पणजोबा मुकादमापेक्षा वीतभर उंच होता आणि दाराएवढा रुंद.

“सगळे भाजून गेले?” भाऊजींनी हळहळून विचारलं.

“छे! या तुकडीला आग शिवलीसुद्धा नाही. वायूने गेले. झोपल्यासारखे पडले होते.”

काचेच्या कपाटात मृतांच्या अंगावरच्या वस्तू होत्या. पणजोबांच्या बिल्ल्याशेजारी त्यांचे बूट आणि पट्टा. पट्ट्याची मूळची भोकं संपल्यावर आतल्या बाजूला खिळ्याने आणखी भोकं पाडलेली होती.

“बूट साफ करताना टोकांतून चिंध्यांचे बोळे निघाले,” वायरमन म्हणाले. “थंडी असेल, दुसरं काय.”

“आणि आजारपणात वाळलाही असेल,” भाऊजींनी पट्ट्याकडे बोट दाखवलं. “कंबर बघा केवढीशी.”

वहिनींनी बूट पुन्हा एकदा पाहिले आणि चष्मा पुसला. चष्मा पुसताना वहिनींशी बोलायचं नसतं, हे भाऊजींना अनुभवाने ठाऊक होतं.

थोरलीची नात वस्तीतच परत येऊन शिवणकाम करत होती. तिने टाचण्या तोंडातून काढल्या, पण मशीन थांबवलं नाही.

“जुनं उकरून काय मिळणार आहे? आमच्या आजोबांचं नाव चांगलं आहे, ते चांगलंच राहू दे.”

“त्यांच्याबद्दल नाहीच विचारत,” वहिनी म्हणाल्या. “शेजारचा माणूस कसा होता?”

“छातीने जर्जर झाला होता म्हणे शेवटी. दोन खोल्यांमधली भिंत कागदासारखी. थोरली सांगायची, रात्रंदिवस खोकला. दुपारी पाठ टेकावी तर डोळ्याला डोळा लागायचा नाही.”

“कामावर जात होता?”

“एक दिवस चुकला नाही! सकाळची पाळी, आजोबांच्या तुकडीत. खाडा झाला तर कंपनी खोली काढून घ्यायची.”

“आणि त्याची बायको?”

“पळाली. घरातली काडी नेली नाही. दोन्ही जोड कपडे खुंटीवर, चपला दारात. एवढी घाई झाली होती बयेला.”

“आणि त्याला शेवटची आंघोळ कुणी घातली?”

मशीन थांबलं. “थोरलीने. दार लावून, एकटीने. बाकीच्या बायकांना म्हणाली, फार भाजलंय, बघवणार नाही.”

परतीच्या वाटेवर भाऊजींनी आपला निष्कर्ष जाहीर केला. “मुकादमाचं आणि त्या बाईचं काहीतरी होतं. त्यानेच तिला पळवलं. म्हणून नात एवढी बिथरते.”

“भाऊजी, दात काढायची घाई दवाखान्यात ठीक होती,” वहिनी म्हणाल्या. “उद्या सगळ्यांना आजींकडे बोलवा. शिवणवाल्या बाईंनाही. त्या येतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. आजीच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या, म्हणून भाऊजी आणि वायरमन उभेच राहिले.

“आजी,” वहिनींनी सुरुवात केली, “तुमची आई पळाली नाही. जी बाई पळते ती निदान चपला घालते. तिचे दोन्ही जोड खुंटीवर होते. मग ती घराबाहेर पडली ती काय नेसून?”



“वडिलांकडे वळू. ते रोज सकाळच्या पाळीला जात होते. मग भर दुपारी भिंतीपलीकडे खोकत कोण होतं?”

भाऊजींचा आ वासला. “म्हणजे ते घरीच होते!”

“घरीच. खाणीत उतरायचं त्राण न उरलेले. आणि खाणीत मात्र त्यांच्या बिल्ल्यावर रोज कुणीतरी उतरत होतं. त्या कुणाला त्यांचे बूट मोठे व्हायचे, म्हणून टोकांत चिंध्या. पट्टा मोठा व्हायचा, म्हणून नवी भोकं. आजारात कंबर उतरते, भाऊजी. पाऊल लहान होत नाही.”

आजीने चादर मुठीत धरली.

“बायकांना खाली उतरायला बंदी होती. पण पाळी उजाडायच्या आत सुरू व्हायची, आणि काजळी माखली की सगळे चेहरे सारखेच. एका माणसाच्या मदतीशिवाय मात्र हे जमलं नसतं. तुकडीच्या मुकादमाच्या.” वहिनींनी शिवणवालीकडे पाहिलं. “त्याच्याच बायकोने ते प्रेत दार लावून न्हाऊ घातलं. म्हणाली, भाजलंय. त्या तुकडीतलं कुणीच भाजलं नव्हतं. तिला लपवायची होती ती गोष्ट वेगळीच होती.”

“आई,” आजी पुटपुटली.

“हो. तुमची आई नवऱ्याच्या नावाने उतरली आणि नवऱ्याच्या नावाने गेली. कागदोपत्री वडील मेले. ते जिवंत दिसते तर सगळं उघड झालं असतं आणि मुकादम तुरुंगात गेला असता. सगळी वस्ती खाणीच्या तोंडाशी जमली होती तेव्हा ते निघून गेले. आणि पुढे, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं अशा गावात, मोठा भाऊ म्हणून परतले. खाणीत कधी पाऊल टाकलं नाही म्हणायचे. पण भुवईवरची निळी रेघ खाणीबाहेर मिळत नाही.”



“खरं आहे,” शिवणवाली एकदम म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “थोरलीने मरताना मला सांगितलं आणि शपथ घातली. आजोबा आजींच्या आईला नको नको म्हणत होते, पण ती ऐकेना. म्हणायची, तान्ही पोर घेऊन रस्त्यावर जाऊ का? पोर थोरलीच्या अंगावर प्यायची आणि आई खाली उतरायची. मी गप्प बसले, कारण आजोबांचा फोटो भिंतीवरून उतरेल वाटलं.”

“उतरेल कशाला?” वायरमन म्हणाले. “तिला बाहेर त्यांनीच काढलं ना?”

“मग मला का नाही सांगितलं?” आजीचा आवाज चढला. “मोठी झाल्यावर तरी? बापाला काका म्हणत जन्म काढला मी. आईला शिव्या दिल्या, आणि हे ऐकत बसायचे!”

 “ते मला सापडलं नाही, आजी,” वहिनी म्हणाल्या.

बसवालीने पाण्याचा पेला पुढे केला. आजीने घोटभर पाणी घेतलं, पेला परत दिला आणि वायरमनकडे वळली.

“नाव लावा तिचं. पण कोळसा निवडणाऱ्या बायकांत नको. खाणीत गेलेल्यांत लावा.”

वायरमननी मान डोलावली.

“केवढी होती गं ती?” आजीने शिवणवालीला विचारलं.

“थोरली म्हणायची, विशीसुद्धा पुरी नव्हती.”

आजीने नातीकडे पाहिलं, मग स्वतःच्या सुरकुतलेल्या हातांकडे.

“पोर होती गं माझी आई,” ती म्हणाली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिच्यासाठी रडली.