ढालीची उजवी बाजू

आमच्या शहराच्या मानचिन्हाच्या ढालीवर मधोमध किल्ला आणि उजव्या अंगाला तलवार. पण ढालीची उजवी म्हणजे बघणाऱ्याची डावी. बाजू ठरते ती ढाल धरणाऱ्यावरून. आम्हा रंगाऱ्यांचा हा पहिला धडा. "हेस्टर, मागे माणूस उभा आहे असं समजूनच रंगवायचं," बाबा म्हणायचे.

एकोणीसशे एकतीसच्या नोव्हेंबरात सभागृहातल्या लाकडी ढालीला मी शिडीवर चढून रंग देत होते. दुपारी कारकून ग्रिमशॉ ढालीचं वर्णन असलेली सनद घेऊन आला. त्याची उजव्या हाताची चार बोटं कायम शाईनं माखलेली.

"इथं तलवार उजवीकडे लिहिलीय. तू डावीकडे काढलीस! डोळे आहेत की बटणं?"

"साहेब, ढालीची उजवी म्हणजे..."

"मला अक्कल शिकवू नकोस. चारला नवे महापौर येतायत. बदल, नाहीतर उद्यापासून चालू लाग. बाईच्या हाती ब्रश दिला की हे असं!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण बाबांनंतर आमचं घर याच कामावर चालायचं. तलवार पुसली नि पलीकडे काढू लागले.

तेवढ्यात ढालीमागे चामडं करकरलं. ओल्या घोड्यासारखा वास आला.

"साहेब... मागे कुणीतरी चाचपडतंय."

"उंदीर असेल. आणि ढाल वाकडी का झाली? सरक, भित्री कुठली!" तो शिडीवर चढला आणि ढाल सरळ करायला त्यानं मागे उजवा हात घातला.

"भिंत... भिंत कुठाय?" त्याचा आवाज चिरकला. "हेस्टर... माझा हात धरलाय गं! तलवार होती तिथं कर... लवकर..."

खरं सांगते, मी लवकर केलं नाही. आधी ब्रश धुतला. पुसून कोरडा केला. त्याच्या शिव्यांची विनवणी होईपर्यंत थांबले, आणि मगच तलवार तिच्या जागी काढली. हात सुटला, पण उशीर झाला होता.

हाताला ओरखडासुद्धा नव्हता. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. पण तो हात पुन्हा हलला नाही. ग्रिमशॉ आता डाव्या हातानं लिहितो आणि मला बघितलं की रस्ता ओलांडतो.

दर नोव्हेंबरात त्या तलवारीच्या मुठीला मी नवा सोनेरी रंग देते. वर्षभरानं जाऊन बघावं, तर मुठीवर चार बोटांचे शाईचे डाग असतात. ओले.