आईची आमटी आणि रोपघराचा काटा

एकाच काचपेटीतली टोमॅटोची रोपं एकाच दिवसात तहानेने सुकतही होती आणि पाण्याने निथळतही होती. अशी रोपं कुणी पाहिली आहेत? केतकीने पाहिली होती. गेला आठवडाभर ती त्यांच्याकडे बघत होती आणि तिला काही केल्या कळत नव्हतं, की यांचं नेमकं दुखतंय काय. तिला जास्त काळजी होती ती आईची, कारण त्या पेटीचं यंत्र आईने केलं होतं आणि आज तिची परीक्षा होती.

आई म्हणजे वैजयंता साळुंखे. दहावीनंतर तिची शाळा सुटली ती सुटलीच. पण शिरणे गावात सरकारी तंत्रशाळा होती, आणि गेल्या वर्षी प्रवेश सुरू झाले त्या पहिल्याच दिवशी आई जाऊन नाव घालून आली. तिथे वयाची अट नव्हती, मार्कांची अट नव्हती आणि फी इतकी कमी, की बाबा म्हणाले, "याच्यापेक्षा आपलं दुधाचं बिल जास्त येतं गं!" आईच्या वर्गात नुकतीच बारावी झालेली मुलं होती, तसे निवृत्त एसटी ड्रायव्हर दगडूकाकाही होते. शिकवायला होते गोधडीमास्तर. हा यंत्रमानव पहिल्या तुकडीने भंगारातले भाग जोडून बनवला होता. त्याचा एक हात निळा, दुसरा पिवळा, छाती हिरवी, म्हणून नाव गोधडीमास्तर. त्यांनाही ते आवडायचं.

तंत्रशाळेची परीक्षा मात्र जगावेगळी होती. यंत्र नीट चाललं पाहिजे हे तर झालंच, पण ते का चालतं हे एका मुलाला समजावून द्यायचं. मूल म्हणालं "समजलं" आणि त्याने ते आपल्या शब्दांत सांगितलं, तरच पास. शिवाय मूल घरचंच आणायचं. याचं कारण मास्तरांनी फार पूर्वीच सांगून ठेवलं होतं: "परकी मुलं भिडेखातर हो म्हणतात. घरची मुलं तोंडावर नाही म्हणतात." मूल कंटाळून उठून गेलं, की परीक्षा संपली. मग थेट पुढच्या वर्षी.

आणि आईला पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं नव्हतं. दुसऱ्या वर्षाची मुलं शिरण्यात बसून मंगळावरचं रोपघर सांभाळत. पृथ्वीवरून संदेश धाडायचा आणि तिकडच्या पंपांनी तो ऐकायचा! आईने वर्षभर भाकऱ्या थापता थापता त्याचीच स्वप्नं पाहिली होती.

"सुरू करा, वैजयंताताई," सगळा वर्ग पेटीभोवती जमल्यावर गोधडीमास्तर म्हणाले.

आईने पदर खोचला. "हे बघ केतकी. पेटीच्या या टोकाला फवारा आहे. त्या टोकाला संवेदक (हवेतली ओल जाणून घेणारा यंत्राचा भाग) आहे. ओल कमी झाली की संवेदक पंपाला सांगतो आणि पंप धुकं सोडतो. ओल जास्त झाली की तो पंख्याला सांगतो आणि पंखा हवा कोरडी करतो. केलेल्या कामाचा परिणाम बघायचा आणि पुढचं काम सुधारायचं. याला म्हणतात प्रत्याभरण."

"म्हणजे मी सायकल एका बाजूला कलली की हँडल वळवते, तसं?"

"अगदी तसं!"

इथवर सगळं छान होतं. पण ओल दाखवणारा काटा काही ऐकेना. त्याने मधल्या हिरव्या पट्ट्यात थांबायला हवं होतं. तो पार 'कोरडं'कडे जाई, मग हिरवा पट्टा ओलांडून थेट 'ओलं'कडे पळे, आणि पुन्हा मागे.

"समजलं का, बाळ?" मास्तरांनी विचारलं.

केतकीने आईकडे पाहिलं. आईच्या कपाळावर घाम होता. एक "हो" म्हटलं की निदान अर्धी परीक्षा तरी पदरात पडणार होती. केतकीला ते म्हणावंसं फार फार वाटलं, अगदी जिभेवर आलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "यंत्राला सगळं दिसतंय ना? मग ते चुकतं कसं?"

आईचा चेहरा एवढासा झाला. केतकीला रडू येईल असं वाटलं, पण खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"पंप कमी पडतोय," आई घाईघाईने म्हणाली. तिने पंपाचा जोर वाढवला. काटा आणखी लांब उडाला. तिने पंख्याचा जोर वाढवला. रोपं बिचारी आधी गच्च भिजली आणि मग थरथर कापू लागली. काटा आता दोन्ही टोकांना आपटत होता. आईने पुन्हा बटणाला हात घातला.

तो हात केतकीने ओळखला. रोज संध्याकाळी आमटीच्या पातेल्यावर तो असाच फिरत असे. आई खडेमीठ टाकायची, लगेच पळी तोंडाला लावायची, "अळणीच आहे!" म्हणून आणखी टाकायची. तोवर पहिले खडे विरघळायचे. मग आमटी खारट, मग पाणी, मग पुन्हा अळणी, मग पुन्हा मीठ. बाबा जेवायला बसले की आधी तांब्या जवळ ओढून घ्यायचे.

"आई, तू आमटीत मीठ घालतेस ना, तसंच चाललंय हे!" केतकी ओरडली. "तू विरघळायची वाटच बघत नाहीस!"

दगडूकाका खो खो हसले. आई कानांपर्यंत लाल झाली. पण दुसऱ्याच क्षणी तिचा हात हवेतच थांबला आणि तिने पेटीकडे नव्या नजरेने पाहिलं.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "धुकं त्या टोकाला पोचायला वेळ लागतो की! तोवर संवेदकाला कोरडंच वाटतं. तो ओरडत राहतो, पाणी दे, पाणी दे. आणि पंप देत राहतो. संवेदकाला पुरेसं वाटेपर्यंत पेटीत भलतंच धुकं झालेलं असतं. यंत्र खोटं बघत नाही गं. ते उशिरा बघतं! आणि मी जोर वाढवला, म्हणजे मुठीने मीठ टाकलं."

"याला विलंब (कृती आणि तिचा परिणाम यांच्यामधला वेळ) म्हणतात," मास्तर म्हणाले. "आता काय कराल?"

आई लगेच कामालाच लागली. तिने पंपाचा जोर उतरवला, पंख्याचा उतरवला आणि यंत्राला नवी आज्ञा दिली: थोडंसं धुकं सोड, मग थांब, धुकं पसरू दे, मग बघ, आणि हवं तरच पुन्हा सोड. काटा एकदा ओलांडून गेला. दुसऱ्यांदा थोडाच गेला. मग हिरव्या पट्ट्यात जरासा डुलला आणि तिथेच राहिला. केतकी श्वास रोखून बघत होती. काटा हलला नाही.

"समजलं का, बाळ?"

"हो!" केतकी म्हणाली. "परिणाम उशिरा दिसत असेल तर जोर लावून उपयोग नाही. थोडं करायचं, थांबायचं आणि मग बघायचं. आणि आईला मी हे घरी रोज सांगते."

मास्तरांनी आपला निळा आणि पिवळा हात जोडून आईला नमस्कार केला. पास झालेल्यांना ते असाच नमस्कार करत. वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि आईने केतकीला इतकं घट्ट धरलं, की तिची वेणी सुटली.

संध्याकाळी चुलीवर, म्हणजे सौरशेगडीवर, आमटी रटरटत होती. आईने चिमूटभर मीठ टाकलं. पळी उचलली. केतकीने नुसतं तिच्याकडे बघितलं, आणि आईने पळी खाली ठेवून पातेल्यावर झाकण घातलं.

"मंगळावरून उत्तर यायला किती वेळ लागतो गं?" केतकीने विचारलं.

"प्रकाशासारखा वेगवान संदेश असला तरी जायला कित्येक मिनिटं आणि यायला कित्येक मिनिटं. पंप चालला की नाही, हे तोवर कळायचंच नाही."

"मग तू काय करणार?"

"चिमूटभर घालीन आणि वाट बघीन," आई म्हणाली. "जमेल मला. तुला बरोबर नेईन, नाही म्हणायला."

पानं वाढली. बाबांनी नेहमीसारखा तांब्या जवळ ओढला आणि आमटीचा भुरका मारला. मग त्यांनी आईकडे पाहिलं, केतकीकडे पाहिलं, आणि तांब्या हळूच परत बाजूला सरकवून ठेवला.