नाकाने कट झालेला कॉल

रेवतीचं लग्न झालं. गोकुळशी नाही.

आता हे वाक्य कुणी वाचलंच नाही असं समजू. गोकुळही तसंच समजून राहतो आणि त्याची तब्येत उत्तम आहे. तर, रेवतीचं लग्नबिग्न काही झालेलं नाही. ती देऊळगाव राजात, बसस्टँडच्या रस्त्यावर, भावाच्या मोबाईलच्या दुकानात बसून एका फोनची काच बदलते आहे. आणि काउंटरपलीकडे एक उंचापुरा तरुण आपल्या फोनवर नाक घासतो आहे.

"अहो... काय चाललंय?" रेवतीनं विचारलं.

"नंबर लावून राह्यलो," तो नाक न उचलता म्हणाला.

"नाकानं?"

"बोट घेतच नाही नं हा. टच गेला याचा."

रेवतीनं फोन ओढून घेतला. तिच्या बोटाखाली तो एकदम गुणी बाळासारखा वागला.

"फोन चांगला आहे. बोटं दाखवा."

आयुष्यात पहिल्यांदा एका मुलीनं गोकुळचा हात हातात घेतला, तोही बिघाड कुठं आहे ते बघायला. बोटांची टोकं काळी-हिरवी होती, वर चिकट पापुद्रा. गोकुळच्या शेडनेटमध्ये, हिरव्या जाळीच्या मांडवात, बियाण्याचा टमाटा होता. एका झाडाचा पराग बोटाच्या टोकावर घ्यायचा आणि दुसऱ्या झाडाच्या फुलाला अलगद लावायचा, हेच त्याचं सकाळपासूनचं काम. टमाट्याच्या पाल्याचा काळा थर बोटांवर बसतो आणि साबणाला दाद देत नाही. ज्या बोटामुळं फुलाला फळ धरायचं, त्या बोटाला फोन ओळखच देत नव्हता.

"म्हणजे तुम्ही फुलांची लग्नं लावता?"

"हाव. दिवसभर. अक्षता तेवढ्या नसतात."

"आणि तुमचं?"

"आमचं लावणारं अजून कोणी शेडनेटात शिरलं नाही."

रेवती हसली. मग तिनं ड्रॉवरमधून जुना पेन काढला, रिफिल ओढून टाकली, टोकाला ओला कापूस बसवला आणि वरून चॉकलेटची चांदी गुंडाळली.

"चांदी तळव्याला टेकली पाहिजे," ती म्हणाली. "तेव्हा फोनला कळतं की मागं माणूस आहे."

"आन् नाक?"

"ते श्वास घ्यायला ठेवा."

त्यानंतर गोकुळच्या फोनची प्रकृती फार नाजूक झाली. आज आवाज बसला, उद्या चार्जिंगची पिन ढिली. रेवती फोन उघडायची, आत काहीच नसायचं, आणि दोघंही त्या काहीच नसण्याकडे बराच वेळ बघत बसायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कुणालाच कळलं नाही. फक्त रेवतीचा भाऊ आल्हाद एकदा म्हणाला, "भाऊ, आता नवा फोनच घेऊन टाक नं." गोकुळ म्हणाला, "यालेच सवय झाली माणसांची."

दिवस असे विनोद करण्यात गेले. खरं बोलायची वेळ आली की गोकुळच्या तोंडून विनोद निघायचा, जसा दार वाजलं की कुत्रा भुंकतो.

"तू कधी सरळ बोलतोस का रे?" रेवती विचारायची.

"बोलतो नं. टमाट्यांशी."

दिवाळीनंतर एका संध्याकाळी तिनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "उद्या जालन्याचे पाहुणे येताहेत. मला बघायला."

"येऊ दे. बघायले काय तिकीट लागते?"

हे त्याला बोलायचंच नव्हतं. पण निघून गेलं. रेवती हसली नाही.

"ऐक," ती म्हणाली. "पाहुणे दारात यायच्या आधी मी फोन करीन. उचललास, तर बाबांना सांगते, माझा गोकुळ आहे म्हणून. कट केलास, तर समजेन. पण मग मागून समजावत बसू नकोस. तुझं समजावणं फार विनोदी असतं."

"उचलतो."

"नक्की?"

"नक्की... विनोद नाही."

फुलं मात्र पाहुण्यांसाठी सुटी घेत नाहीत. सकाळी पराग लावला नाही तर दुपारपर्यंत फूल मिटतं. गोकुळ शेडनेटमध्ये होता, फोन समोर उलट्या क्रेटवर ठेवलेला. आणि तो चांदीचा पेन? तो घरी, लोखंडी पेटीत, बियाण्याच्या डब्यात, पिशवीत गुंडाळून. कापूस जरा सुटायला लागला तेव्हाच त्यानं तो जपून ठेवला होता.

फोन वाजला. रेवती.

गोकुळनं बोट लावलं. फोननं ओळख दिली नाही. दुसरं बोट, अंगठा, डावा हात... काही नाही. "आई, उचल!" तो ओरडला. पुष्पाबाई धावत आली, पण तिची बोटं त्याच्याहून काळी. मागून मजुरीवरची भिमाबाई आली. तिघांनी मिळून त्या काचेवर असं काही चालवलं की लांबून बघणाऱ्याला वाटावं, भाकरी थापून राह्यले.

"कोपर लाव" असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. ते गोकुळला सुचलं, पण पुढच्या बुधवारी.

राहिलं नाक. वर सरकवलं की फोन उचलला जायचा, खाली सरकवलं की कट. गोकुळ गुडघ्यांवर बसला, हिरव्या खुणेवर नाक टेकवलं आणि हळूच वर न्यायला लागला. पण नाकावर सकाळपासूनचा पराग होता. त्याला शिंक आली. वरच्या दिशेनं शिंकणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

"झालं का रे बाबू बोलणं?" पुष्पाबाईनं विचारलं.

"झालं."

नाकानंच परत फोन लावला, तर रेवतीचा बंद. मग त्यानं मोटरसायकल काढली. रेवतीच्या दारात चपलांचा ढीग होता. तिचे वडील भालचंद्रराव लगबगीनं पुढं आले. "या, या! मागं राहिलात का? बसा." आणि त्यांनी गोकुळला नेऊन पाहुण्यांच्या मधोमध बसवलं.

रेवती पोह्यांचा ट्रे घेऊन आली. तिनं एकेक प्लेट दिली आणि गोकुळसमोर थांबली. आधी त्याच्या काळ्या बोटांकडे बघितलं, मग नाकावरच्या पिवळ्या ठिपक्याकडे. तिला सगळं कळलं. वाट बघत उभी राहिली.

तेवढ्यात भालचंद्ररावांनीच कौतुकानं विचारलं, "आपण मुलाचे कोण?"

इतकं सोपं दार उघडून क्वचितच मिळतं. मी मुलाचा कोणी नाही काका, मी रेवतीसाठी आलो, एवढंच म्हणायचं होतं.

"लांबचा," गोकुळ म्हणाला.

सगळे हसले. जालन्याच्या पाहुण्यांना वाटलं, हा भालचंद्ररावांकडचाच असेल आणि दोघं मिळून आपली गंमत करताहेत. रेवतीनं प्लेट त्याच्या हातात दिली आणि पुढं गेली. पोहे चांगले झाले होते. त्यानं संपवले.

निघताना ती दारापर्यंत आली.

"पेन कुठं होता?"

"ठेवून देला होता."

"काऊन?" ती पहिल्यांदाच त्याच्यासारखं बोलली.

"वापरला असता तर... संपला असता नं."

"फोनचं मी सोडून दिलं असतं, गोकुळ," रेवती हळूच म्हणाली. "पण बाबांनी विचारलं तेव्हा तर टच चालू होता."

गोकुळ ढिगात आपल्या चपला शोधायला लागला.

आता तो पेन रोज वापरतो. कापूस दोनदा बदलला, चांदी तीच आहे. परवा शेडनेटच्या सावलीत बसून, चांदी तळव्याला नीट टेकवून, त्यानं फोनवर एकेक अक्षर उमटवत अर्ज लिहिला आणि कंपनीला पाठवून दिला.

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
मोबाईल बनवणारी कंपनी.

विषय : कट झालेला कॉल उचलला गेल्याचे ग्राह्य धरणेबाबत.

महोदय,
वरील विषयान्वये अर्ज सादर करतो की, सदर कॉल अर्जदाराच्या नाकाकडून कट झाला असला, तरी अर्जदाराचा उद्देश उचलण्याचाच होता. तरी सदर कॉल पूर्वलक्षी प्रभावाने उचलला गेला असे ग्राह्य धरावे, त्यानंतर एका प्रश्नास दिलेले 'लांबचा' हे उत्तर रद्द समजण्यात यावे, आणि संबंधित मुलीस आपल्या स्तरावरून तसे कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.