तीनशे पादचारी

संध्याकाळी पाच ते सहा या तासाभरात तीनशे माणसांनी रस्ता पायी ओलांडला, तर पादचाऱ्यांसाठी सिग्नल बसणार. एक जरी कमी पडला, तर दुभाजकावर कायमचं कुंपण. नियम सरळसोट होता. मोजणीच्या बाई हातात टिकटिक करणारं यंत्र घेऊन फूटपाथवर खुर्ची टाकून बसल्या होत्या, आणि शेजारी तसंच यंत्र घेऊन साहेब. साहेबांचं ऑफिस रस्त्यापलीकडे, अगदी समोर. तिथून इथे यायला त्यांना गाडीने वीस मिनिटं लागली होती.

बाईंचा जीव मात्र घरात अडकला होता. रस्ता आठपदरी झाल्यापासून सासरे पलीकडच्या मित्राशी बुद्धिबळ फोनवरच खेळत. "सूनबाई, माझा घोडा अडीच घरं उडी मारतो गं, आणि मला एक रस्ता ओलांडता येत नाही," असं म्हणून हसायचे. ते हसणं बाईंना बघवत नसे.

पावणेसहाला आकडा दोनशे एक्केचाळीसवर येऊन अडला. धुकं उतरलं, आणि चिटपाखरू फिरकेना.

"आटपा आता," साहेबांनी जांभई दिली. "इथे चालतंय कोण? सगळ्यांकडे गाड्या आहेत."

तेवढ्यात गार वारा सुटला. त्याला ओल्या डांबराचा आणि जळक्या टायरचा वास होता. हॉर्न एकाएकी बंद पडले, गाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि पावलं ऐकू आली... एक पाऊल वाजायचं, दुसरं वाजतच नव्हतं.

धुक्यातून माणसं आली. बायका, म्हातारे, वाकड्या चाकाची सायकल ढकलणारा एक पोस्टमन. कोणी डावीकडे पाहत नव्हतं, कोणी उजवीकडे. प्रत्येकाच्या एकाच पायात चप्पल होती. अपघातानंतर या दुभाजकापाशी एकेकटी चप्पल मागे राहते, हे इथल्या झाडूवाल्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि बाईंनाही.

बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. पण अंगठा थांबला नाही. भीती आपल्या जागी, सासरे आपल्या जागी! टिक. टिक. टिक.

"बाई... यांना... मोजायचं?" साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"पायीच चाललेत ना, साहेब? मग मोजा."

सहाला पाच कमी असताना तीनशेवा माणूस धुक्यात शिरला.

"पण बाई... पलीकडे कोणी पोचतच नाहीये..."

"फॉर्ममध्ये तसा रकाना नाही, साहेब."

साहेबांनी सही ठोकली. गाडी तिथेच सोडून ते बसने घरी गेले, तेही उभ्याने, दहा जित्याजागत्या माणसांना खेटून. तेव्हापासून त्यांना बसच बरी वाटते म्हणे.

महिन्याभरात सिग्नल लागला. सासरे रोज पलीकडे जातात, रोज हरून येतात, आणि डाव जिंकल्यासारखे घरभर मिरवतात. बाईंना त्यातच सगळं मिळालं. परवा चहा पिता पिता ते म्हणाले, "सूनबाई, लोकरीचे हातमोजे विणशील का?"

"तुम्हाला?"

"मला कशाला? रस्ता ओलांडताना माझा हात धरतात ना, त्यांना गं. हात फार गार असतो..."

बाईंनी हातातली कपबशी हलकेच खाली ठेवली. "विणते की," त्या म्हणाल्या. "एक जोड पुरे ना?"

"एकाने काय होतंय?" सासरे खुशीत हसले. "रोज हात वेगळा असतो."