घोड्याचे पुढचे पाय

या गोष्टीवर तुमचा विश्वास बसणार नाही. लावा पैज! आजवर एकाचाही बसलेला नाही. आणि यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही, बरं का.

परवा दुपारी जेवणं झाल्यावर भाचरांना हीच सांगत होतो. ताई शेजारीच मटार सोलत बसली होती.

लहानपणी आम्ही दोघं भावंडं टीव्हीवरच्या मुलांच्या एका विनोदी कार्यक्रमात होतो. छोटी छोटी प्रहसनं, सगळी कामं मुलांचीच. राजा चौथीतला, प्रधान दुसरीतला.

आणि आम्ही दोघं मिळून घोडा.

पुढचे पाय ताई, मागचे मी. मागच्याने वाकायचं, पुढच्याची कंबर धरायची आणि देवाचं नाव घेऊन चालायचं. पोटाखालची चेन बाहेरून लागायची. आतून उघडायची सोय नाही.

एकदा चित्रीकरणाच्या वेळी कपडेवाल्या मावशींनी घाईघाईत मला मागून घोड्यात कोंबलं आणि चेन ओढली. स्टुडिओचं दार बंद झालं. आता ना कुणी आत, ना कुणी बाहेर.

मी अंधारात हात पुढे केले. कंबर सापडली.

घोडा चालू लागला.

आत नुसती भट्टी. माझा घाम नाकावरून ठिबकत होता. पण ती कंबर मात्र...

गार होती.

"ताई, सावकाश की!" मी कुजबुजलो.

उत्तर नाही. एरवी ताईचं तोंड म्हणजे उघडा राहिलेला नळ! तिचा श्वास तरी ऐकू यावा म्हणून मी माझा रोखला. आत फक्त...

माझंच काळीज धडधडत होतं.

बाहेर राजा घोड्यावरून पडला. "कट!" दिग्दर्शक ओरडले.

घोडा थांबला नाही.

"अरे, पुरे! थांबा आता!"

पुढचे पाय चालतच होते. दिव्यांची धग मागे पडली. आवाज लांब गेले. आम्ही पडद्यामागे निघालो होतो.

मी कंबर सोडली. तेवढ्यात पुढून एक हात मागे आला आणि...

माझं मनगट धरलं.

मी लाथा झाडल्या, किंचाळलो. बाहेर सगळे पोट धरून हसत होते. काय झकास घोडा, म्हणे!

मग दार करकरलं.

"माझ्याशिवायच घोडा सुरू केलात?"

ताई! पुढच्या प्रहसनासाठी मेकअपच्या खोलीत मिशी चिकटवून घेत बसली होती!

हसणं जागच्या जागी थिजलं. मावशींनी धावत येऊन चेन ओढली. घोड्याचा पुढचा भाग भसकन खाली बसला. त्यात...

कुणीच नव्हतं.

भाचरं एकमेकांना बिलगली. मी ऐटीत पाण्याचा पेला उचलला.

"खोटारडा!" ताई म्हणाली. "मिशी तुला लावायचे, मला नाही. मागे मी होते. आत गुदमरून बेशुद्ध पडले, ते डोळे उघडले मावशींच्या मांडीवर. पुढे तू होतास."

"मामा पकडला गेला!" भाचरं टाळ्या पिटत ओरडली.

मी पेला खाली ठेवला. त्या दिवशी मिशी खरंच मला चिकटवत होते.

ताई हसता हसता थांबली. हातातली शेंग तशीच राहिली.

"माझा हात तूच धरला होतास..."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तूच होतास ना रे?"